आबांचा आवाज आणि चार नव्या डिस्क

आबांनी पाटी माझ्यासमोर धरली. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, "येकाच मालाला चार डबं कशाला? फसवता का?"

संतोष ओशाळला. "ताई, मनावर घेऊ नका. आबांना सगळ्यांचाच संशय येतो."

"येऊ दे की. मलाही येतो," मी म्हणाले.

इंदुरीतली गोष्ट. मी तळेगावात वीसेक वर्षं कॉम्प्युटर हार्डवेअरचं काम करते. संतोष लग्नांचं आणि बैलगाडा शर्यतींचं शूटिंग करतो. त्याला घरी स्टोरेज सर्व्हर हवा होता. म्हणजे फायलींचं एक मोठं कपाट, कायम चालू असणारं, ज्यात घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून किंवा टीव्हीवरून हात घालता येतो. लग्नांच्या शूटिंगची मला फार काळजी नव्हती. ती जोडपीसुद्धा परत कधी बघत नाहीत. खरा माल दुसराच होता.

आबा म्हणजे संतोषचे वडील. मावळातल्या घाटांवर, म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, ते माइक धरायचे. त्यांनी "भिर्रर्र!" म्हटलं की बैलांआधी माणसंच उसळायची, असं इंदुरीपासून आंबीपर्यंत कुणीही सांगेल. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. आबा वाचले, आवाज गेला. तेव्हापासून हातात पाटी. बारा वर्षांतली त्यांची सगळी निवेदनं संतोषच्या एका जुन्या पोर्टेबल डिस्कवर होती आणि ती डिस्क आता कण्हायला लागली होती. दुसरी प्रत कुठंही नव्हती! मला ऐकूनच घाम फुटला. आबांनी मात्र ऑपरेशननंतर त्यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. कुणी लावायला गेलं की उठून गोठ्यात जायचे.

मी आबांना म्हणाले, "आबा, चार डिस्क म्हणजे दोन जोड्या. जोडीतल्या दोघींवर तेच लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत."

संतोषनं तोंड वाकडं केलं. "ताई, मी व्हिडिओत बघितलं. चारपैकी तीन डिस्कची जागा वापरता येते आणि एक मेली तरी चालतं."

"चालतं. पण मग नवी बसवली की तिच्यावर माल परत भरताना उरलेल्या तिघींना दिवसभर राबावं लागतं. त्यात अजून एकीनं मान टाकली की खेळ खलास. जोड्यांत जागा निम्मी मिळते, झोप पूर्ण मिळते."

तेवढं त्यानं ऐकलं. त्याच्या जुन्या गेमिंग पीसीचाच सर्व्हर करायचा हट्टही सोडला, कारण तो हीटरसारखा तापायचा. मी कमी वीज खाणारा छोटा बोर्ड घेतला, चार डिस्कचा कॅबिनेट घेतला. इंदुरीत लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते म्हणून यूपीएस घ्यायला लावला. आता डिस्कची यादी द्यायची, तर संतोष म्हणाला, "त्या घेऊ नका. आल्यात."

"कुठून?"

"मेव्हण्याकडून. पुण्यात माल पुरवतो ना तो. चारही सीलपॅक."

सील म्हणजे पिशवीला चिकटवलेली साधी चिकटपट्टी होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी डिस्क बाहेर काढून उजेडात धरली. जिथं केबल लागते तिथल्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे होते. नव्या डिस्कला कोण केबल लावेल? मी लॅपटॉपला जोडून तिची नोंद बघितली. प्रत्येक डिस्क स्वतः किती तास चालली ते लिहून ठेवते. चौघींचाही आकडा शून्य. इतक्या कोऱ्या, की मला ते जास्तच खुपलं.

"या वापरलेल्या वाटतात मला," मी म्हणाले.

संतोषची बायको सुनीता चहा घेऊन आली होती. कप जरा जोरातच ठेवला गेला. "माझा भाऊ नवीन म्हणालाय."

संतोष माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागला. तिथला रिवाज मला ठाऊक आहे. ही माणसं जिवलग दोस्ताच्या बैलाचेही दात बघतील, पण सोयऱ्यांकडून आलेली वस्तू उलटून बघायची नाही. त्यांच्या माघारीसुद्धा नाही. बघितली की अपमान, आणि तो अपमान पुढच्या चार लग्नांत निघतो.

"मला दोन दिवस द्या, तपासते," मी म्हणाले.

"ताई, शनिवारी आंबीत लग्न आहे. कॉपी मारायची, जुनी डिस्क फॉरमॅट करायची आणि तिच्यावरच शूटिंग टाकायचं. दुसरी रिकामी डिस्कच नाही माझ्याकडं."

"त्या जुनीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे!" मी इतकी ओरडले की आबांनीही वर बघितलं.

दोन दिवस चारही डिस्कचा कोपरान् कोपरा वाचून बघितला. चारही पास. एकही चूक नाही. शुक्रवारी सकाळी संतोषचा चेहरा खुलला. "बघा! तुमचा संशय." सुनीताकडून त्या दिवशी चहा आला नाही. खरं सांगते, मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. एका बाईचं माहेर उगीच चव्हाट्यावर आणलं की काय?

आबांनी पाटी पुढं केली. "नक्की संशय काय?"

मी सांगितलं, "आबा, मोठमोठ्या कंपन्यांत या डिस्क वर्षानुवर्षं अखंड चालतात. थकल्या की भंगारात निघतात. मग कुणीतरी आतला तासांचा आकडा पुसतो आणि नव्या म्हणून विकतो. आकडा शून्य दिसतो आणि मला ते सिद्ध करता येत नाही."

आबांचे डोळे एकदम बारीक झाले. पाटी पुसून भराभरा लिहायला लागले. "बाजारात बैलाचं दात कानशीनं घासत्यात. म्हातारा बैल चौसा म्हनून इकत्यात." चौसा म्हणजे चार दातांचा, ऐन उमेदीतला बैल.

"मग तुम्ही कसं ओळखता?"

पुन्हा पाटी पुसली. "उभा असताना न्हाई कळत. चालताना बी न्हाई. त्याला बसवायचा आन् उटवायचा."

मी पाटीकडे बघतच राहिले. अहो, वीस वर्षं या धंद्यात काढली आणि हे मला सुचलं नाही! मी दोन दिवस त्या डिस्कना पळवत होते. पळणं तर त्यांच्या अंगवळणीच पडलेलं. कंपनीत त्या कधी थांबल्याच नव्हत्या. इंदुरीत मात्र लाइट गेली की बसणार, आली की उठणार. यूपीएस तरी किती वेळ धरणार?

मी वीज बंद केली. डिस्क गार होऊ दिल्या. चालू केल्या. चौघी उठल्या. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आबा खुर्ची ओढून कॅबिनेटला कान लावून बसले. चौथ्या वेळी त्यांनी बोट वर केलं. तिसरी डिस्क टक् टक् करत होती. बऱ्याच वेळानं कशीबशी फिरायला लागली. सहाव्या वेळी ती उठलीच नाही, आणि पहिलीही टकटकायला लागली. दुपार व्हायच्या आत चारपैकी दोघी बसल्या त्या बसल्याच. पाटीवर एकच शब्द आला. "म्हातारी."

डिस्क बनवणारी कंपनी आत आणखी एक नोंद ठेवते, जी सहसा कुणी पुसत नाही आणि तोवर मलाही आठवली नव्हती; उरलेल्या दोघींतली ती मी खणून काढली. दोघीही चार वर्षांहून जास्त राबलेल्या होत्या.

संतोषनं जुनी डिस्क दोन्ही हातांत धरली. "उद्या मी जुनी पुसून टाकणार होतो," एवढंच म्हणाला. दोन डिस्क एकाच जोडीतल्या निघाल्या असत्या तर आबा दुसऱ्यांदा मुके झाले असते.

फोन सुनीतानंच लावला. स्पीकरवर. "दादा, तुझ्या डिस्क म्हाताऱ्या निघाल्यात."

"अगं, वरून सीलपॅक आल्या त्या. मला काय माहीत?"

"मग आता माहीत झालं. परत घेऊन जा. आणि सासऱ्यांच्या समोर येऊन घेऊन जा."

तो खरंच फसला होता की त्यात त्याचं काही पाणी मुरत होतं, मला आजही ठरवता आलेलं नाही. तो आला, डिस्क नेल्या, जेवून गेला.

आंबीच्या लग्नासाठी संतोषला मी माझी रिकामी डिस्क दिली. नव्या चार डिस्क मी दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या, कारण जोडीतल्या दोघी एकाच खोक्यातल्या नकोत. प्रत्येकीला वीस वेळा बसवलं आणि उठवलं. मग कॉपी मारली. एक प्रत बेगडेवाडीला संतोषच्या बहिणीकडं ठेवली. जोडी असली तरी चोरी झाली किंवा कुणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून जाते, हे लोकांना पटायला फार वेळ लागतो.

काम संपलं तरी आबांचा संशय संपला नव्हता. पाटी आली. "चालू असताना येक काडून दाखवा."

"दाखवते. संतोष, टीव्हीवर काहीतरी लाव."

संतोष लग्नाची फाइल शोधायला लागला. आबांनी त्याचा हात धरला. पाटीवर लिहिलं, "माजा लाव."

सुनीता दारात थांबली. टीव्हीवर धुळीचा घाट दिसला आणि आबांचा आवाज खोलीभर घुमला, "आली, आली, आली, भिर्रर्र!" आबा हलले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. मी कॅबिनेटमधली एक डिस्क सरळ उपसून बाहेर काढली.

आवाज थांबला नाही. गाडा घाट चढून गेला, आबांनी सेकंद पुकारले, लोक ओरडले. आबांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला त्यांनी पाटी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून लिहिलं, "ती परत बसवा. गुमान."

आता नवी डिस्क आली की मी तिचा आकडा बघते, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. आधी बसवते, मग उठवते. कुणाच्या मेव्हण्याकडून आली असेल, तर दुप्पट वेळा.