कापूस लावलेले खिळे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात? एका मुलीच्या गळ्यातला पट्टा काढून ठेवला, एवढंच ना? असं मी स्वतःला समजावते, आणि दर ऑक्टोबरला माझाच मला वैताग येतो.

मंचरजवळच्या एका इंग्रजी शाळेत मी पहिलीला शिकवते. आमच्याकडे हॅलोविन असतं. ज्या पोरांना घरी भुताचं नाव काढलं तरी दटावतात, त्यांना आम्ही भूत बनून यायला सांगतो — असो. त्या आठवड्यात चित्रांचं एक पुस्तक वाचायचं असतं. सगळी भुतं पांढरी, एकच ठिपक्यांचं. आधी सगळे त्याला हसतात, मग तेच लाडकं होतं. मी ते छान वाचते. आवाज बदलून. वेगळं असायला लाजायचं नाही, असं शेवटी सांगते, आणि सांगताना माझे डोळेही भरून येतात. काय म्हणावं या ढोंगाला?

त्या वर्षी अवसरीची एक मुलगी वर्गात होती, आरोही. बाकीची पोरं बाजारातल्या काळ्या टोप्या घालून आली. ही आली ती बापाचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, हातात काठी आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. तो मान धरतो, म्हणून बाया असा पट्टा घालून शेतात खुरपायला बसतात. आरोही तिची आई होऊन आली होती.

पट्टा मी काढला. टोचेल कुणाला, म्हणाले. पण तो टोचणार नव्हता — तिच्या आईने एकेका खिळ्याच्या टोकावर कापसाचा बोळा बसवला होता. मी तो बोटांनी चाचपला होता. मग का काढला?

फोटो पालकांच्या ग्रुपवर जाणार होता म्हणून? तेही होतं. पण खरं सांगू — माझी आई आमच्या गावी, लोणीला, तसाच पट्टा घालून शेतात जाते, आणि शाळेत मी सांगितलंय की आमच्यात आता कुणी शेतात जात नाही. त्या पोरीकडे बघून मला माझ्या आईची लाज वाटली. मी आरोहीच्या डोक्यावर कागदाची टोपी बसवली आणि तिला मागच्या ओळीत उभं केलं. ती रडली नाही.

शाळा सुटल्यावर तिची आई फाटकाशी आली. शेतातून थेट, पाय मातीने भरलेले.

"आवडलं का ओ मॅडम, तिचं सोंग? पट्टा पाहिजेच म्हनली. मंग मी बी आज तशीच बसले कांद्यात. तिचा दिवस व्हता न्हवं."

तशीच. उसाच्या कडेला, उघड्या मानेने.

सगळ्यांना खूप आवडलं, असं मी सांगितलं. इतक्या सहज की माझं मलाच नवल वाटलं.

आईने लेकीकडे पाहिलं. लेकीने माझ्याकडे. आता ही सांगणार, वाटलं — आणि का नाही सांगायचं तिने?

"व्हय आई," ती म्हणाली, "समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

सहा वर्षांची पोर. वर्षभरात मी तिला जे काही शिकवलं, त्यातलं हे तेवढं तिला पहिल्याच खेपेला आलं.