काळं म्हणजे पाणी

अख्ख्या केज तालुक्यात माझ्या साडूंइतका अंधाराचा भोक्ता माणूस सापडायचा नाही. ते सोनोग्राफीचे डॉक्टर. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी त्यांच्या खोलीत पडदे ओढलेले, दिवा बंद, आणि मशीनच्या पडद्याचा तेवढा उजेड. त्या मशीनवर गेन नावाचं एक बटण असतं. ते फिरवलं की चित्र उजळत जातं. साडूंचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका बटणात मावतं. "गेन वाढवला की चित्र देखणं दिसतं, पण खोटं बोलाय लागतं," ते सांगतात. "काळं म्हंजी पाणी. त्याला काळंच राहू द्यावं. उगं उजेड मारला की त्यात नसलेलं बी दिसतं."

हे मशीनपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण आमच्याकडे माजलगावला आले की टेकायच्या आधी ते रिमोट हातात घेतात आणि टीव्ही इतका मंद करतात की क्रिकेटचा चेंडू आम्हाला अंदाजानेच बघावा लागतो. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी व्हिडिओवाल्याचा दिवा बंद करायला लावला. त्या व्हिडिओत नवरी कोणती आणि करवली कोणती, यावर घरात अजून एकमत नाही. कुणी बोलताना लांबण लावली तर म्हणणार, "डेप्थ कमी करा. गाठ वर हाय, तुमी एवढं खोल कावून चाललाव?" एकदा पित्ताशयात खडा झालेले एक आजोबा हटूनच बसले, "समद्यांचे रंगीत काढता, माझाच काळा-पांढरा कावून?" साडू शांतपणे म्हणाले, "आजोबा, रंग रक्त वाहताना बघायला लावत्यात. तुमचा खडा काय वाहतोय व्हय?"

मागच्या वर्षी ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गळ्यावर गाठ आली. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच होता. ताईंनी सांगून टाकलं, "दुसऱ्याकडं मी जायची न्हाई. यांनीच बघावं." मी आणि माझी बायको सोबत उभे होतो. साडूंनी गळ्यावर जेल लावलं आणि मशीनचा प्रोब टेकवला. त्यांचा हात गेनवर गेला. बटण फिरलं, आणखी फिरलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पडदा अंधुकच दिसणार. गाठ करड्या ठिपक्यांनी गच्च भरली. "भरीव हाय, पाणी न्हाई," ते कसेबसे पुटपुटले. माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला.

ताईंनी पडल्या पडल्या तिरक्या नजरेने पडद्याकडे पाहिलं.

"अहो, गेन लई झालाय. कमी करा की."

साडूंनी बाहीने डोळे पुसले. बटण उलटं फिरवलं. ठिपके विरत गेले आणि गाठ आतून स्वच्छ काळी झाली. "पाणी हाय," ते म्हणाले, आणि टेबलाच्या कडेवर डोकं टेकवून हुंदके देऊन रडले. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता हे जेल पुसता, का मी अशीच घरी येऊ?" पुढे बीडला दुसऱ्या डॉक्टरांनी सुईने ते पाणी काढून तपासलं. काही वाईट निघालं नाही.

साडू अजून येतात. मी रिमोट मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवतो. ते तो उचलतात आणि ताईंकडे देतात. "तूच लाव," म्हणतात. ताई चित्र मंद करत जातात. चेंडू दिसेनासा होतो. आम्ही सगळे तसेच बघत बसतो, आणि मला ते फार बरं वाटतं.