होल्डिंग, दहा यार्ड

आमचे हे, म्हणजे पद्माकर, स्वभावाने इतके गरीब की फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात कुणी खुर्ची पळवली तरी उभ्याने काम करतील. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आवाज कधी चढला नाही. पण एप्रिल आला, अमेरिकन फुटबॉलचा सीझन सुरू झाला, की ह्यांच्या अंगात यायचं. फ्रँकफुर्टच्या स्टेडियमवर आजूबाजूचे जर्मन बिअर पीत मजेत गात असायचे आणि आमचे हे टीमचा जांभळा स्कार्फ गुंडाळून पंचाच्या नावाने मराठीत शंख करत असायचे. "अरे, डोळे फुटले का तुझे?" शेजारचा जर्मन माणूस कौतुकाने मान डोलवायचा. त्याला वाटायचं, हेही गाणंच आहे.

त्या खेळात पंचाच्या खिशात पिवळं फडकं असतं. कुणी नियम मोडला की तो ते मैदानात फेकतो. समोरच्याला हाताने धरून ठेवलं तर होल्डिंग, आणि शिक्षा म्हणून दहा यार्ड मागे जायचं. मला हे सगळं पाठ आहे, कारण आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नसायचा. ह्यांची तक्रार एकच. पहिल्या हाफमध्ये धरलं तर होल्डिंग आणि तसंच दुसऱ्या हाफमध्ये धरलं तर काहीच नाही, हा कुठला न्याय? त्यासाठी चौकटींची वही घातली होती. तारीख, मिनिट, पंचाचा नंबर, त्याने काय केलं, काय करायला हवं होतं. ऑफिसात बग नोंदवतात ना, अगदी तसं. सीझन संपला की हे रीतसर विडरश्प्रूख, म्हणजे लेखी हरकत लिहून लीगला रजिस्टर पोस्टाने पाठवायचे. या देशात राहून एवढं मात्र शिकले, कचऱ्याच्या डब्यापासून टॅक्सपर्यंत कशावरही लेखी हरकत घेता येते. लीगकडून आजवर एकदाच उत्तर आलं. पाकिटात फक्त टीमचा स्टिकर होता. तो आमच्या फ्रिजवर आहे.

"चुकला तर माणूस आहे, नीता," हे पोळी हातात धरून म्हणायचे. "पण जो तीन पावलांवर उभा राहून बघतो आणि फडकं खिशातच ठेवतो, त्याला मी कधी माफ करणार नाही."

"भाजी घ्या," मी म्हणायचे.

दोन हजार सातच्या मे महिन्यात आमच्या स्पृहाने हा खेळ घरातच मांडला. सोळा वर्षांची पोरगी. फॅन क्लबची बस बर्लिनच्या सामन्याला निघणार होती, एक रात्र यूथ हॉस्टेलमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. तिने आधी मला विचारलं, स्वयंपाकघरात.

"बाबांना विचार," मी म्हटलं आणि कणीक मळत राहिले.

तिथेच टेबलाशी बसलेल्या बाबांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "नाही."

"वारूम निश्ट?" का नाही म्हणे. आमची पोरं मराठी समजतात, उत्तर जर्मनमध्ये देतात.

"रात्रीचा मुक्काम आहे. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष आलंच नाही, जूनमध्ये ती लीगच बंद पडली. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? स्पृहा दोन दिवस ताटातलं नुसतं चिवडत बसली.

रविवारी सकाळी पोहे वाढले आणि ह्यांच्या बशीपुढे धप्पकन काहीतरी पडलं. माझं ओटा पुसायचं पिवळं फडकं! पाठोपाठ एक जुनी वही, सन दोन हजार तीन. मधलं एक पान उघडलेलं. बर्लिनचा सामना, पण अक्षर ह्यांचं नव्हतं, कबीरचं होतं. आमचा थोरला, आता ब्राउनश्वाइगला इंजिनिअरिंग करतो. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि ह्यांनीच त्याला वही देऊन पाठवलं होतं.

"तोच सामना, तीच बस, तेच वय," स्पृहा म्हणाली. चक्क मराठीत! "कबीरला काही नाही. मलाच का धरून ठेवता?"

"अगं, कबीर मुलगा..." एवढं बोलून हे थांबले. स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. माझ्याकडे बघितलं. मी चहा ढवळत होते. मग चष्मा काढून त्यांनी ते पान पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि खुर्ची सरकवून उठले. डावं मनगट उजव्या मुठीत पकडून छातीपुढे धरलं. पंच होल्डिंगची खूण करतो, तश्शी.

"होल्डिंग. बाबा. दहा यार्ड," असं स्वच्छ आवाजात जाहीर करून ते पॅसेजमध्ये मोजत मोजत मागे निघाले. सात पावलांवर बाथरूम आलं. उरलेली तीन आत जाऊन पुरी केली. हसून हसून माझ्या नाकात पोहे गेले.

आतून आवाज आला, "पोचल्यावर फोन कर. आणि दर दोन तासांनी..."

"बाबा!"

"बरं बरं. पोचल्यावर."

स्पृहा गेली आणि घसा बसवून परत आली. ह्यांच्यासाठी वहीत चार पानं नोंदी आणल्या होत्या, मिनिटासकट. हे नुसते फुलून गेले. कबीरला फोन लावून मोठमोठ्याने वाचून दाखवायला लागले. वाचून झाल्यावर वही टेबलावर राहिली, म्हणून मी सहज चाळली. शेवटच्या पानावर एकच नोंद होती.

"स्थळ: स्वयंपाकघर. पंच: आई. अंतर: तीन पावलं. पाहिलं. फडकं टाकलं नाही."

खाली तिने विडरश्प्रूखसाठी रीतसर चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. मी पेन घेऊन बसले. चार वर्षांपूर्वी बर्लिनला निघालेल्या कबीरचा डबा मीच भरला होता, हसत हसत. एकही हरकत न लिहिता पेनाला टोपण लावलं.