दही आणायला गेले की

पुण्याच्या ऑफिसनं मला उन्हाळाभराची मुदत दिली होती. नागपूरला, जरीपटक्यातल्या घरी बसून काम नीट चाललं तर कायमची तिथंच राहा, नाही तर पावसाळ्याआधी परत ये. साहेबांनी सांगितलं गोड शब्दांत, पण अर्थ कडूच होता. बाबा गेल्यापासून आई घरात एकटी. तिला टाकून मला परत जायचं नव्हतं.

कामासाठी मी घरात एक छोटा डीएनएस सर्व्हर लावला होता. ते प्रकरण काय, हे आईला पानठेल्यावरून समजावलं. आमच्या गल्लीत घरनंबर कुणालाच ठाऊक नाहीत. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर नाव सांगा, तो घर दाखवतो. सर्व्हरही तेच करतो. ऑफिसातली माणसं माझ्याकडच्या चाचणीच्या कॉम्प्युटरांपर्यंत त्याला विचारूनच पोचायची.

आणि आमचा हा पानठेलेवाला रोज दुपारी मुका व्हायचा.

सकाळी ठणठणीत. जेवणं झाली, मी आईसाठी दही घेऊन आले, की ऑफिसातून बोंब: "तुमचं काहीच सापडत नाही." बघावं तर सर्व्हर चालू, वायर जागेवर, हिरवा दिवा लुकलुकतोय. त्याच्या नोंदीत मात्र एकच तक्रार, नेटवर्कचा एकही इंटरफेस सापडला नाही. म्हणजे ठेला उघडला, पण समोर रस्ताच दिसेना! त्यातला प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की लगेच शहाण्यासारखा बोलू लागायचा. मी वायर बदलली, नेटवर्क कार्ड बदललं, सगळी मांडणी पुसून नव्यानं लिहिली. दुसऱ्या दिवशी दही आलं की पुन्हा तेच.

मशीन मधे बंद पडून उठलंय, एवढं दिसत होतं. त्याचं खापर मी वीजवाल्यांवर फोडून मोकळी झाले. एकदा शेजारच्या काकूंना विचारलंसुद्धा, तर त्या म्हणाल्या, "नाही वं, आमच्याइथं तर टीव्ही सुरूच राहते दुपारी." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एवढ्या दह्याचं आई करते काय, हाही प्रश्न मला पडला नव्हता.

एका दुपारी डेअरी बंद होती, म्हणून रिकामं भांडं घेऊन लवकर परतले. फाटकातून पाहते तर आई ओसरीत स्टुलावर चढलेली, हात मेन स्विचवर. तिनं खटकन सगळ्या घराची लाइट बंद केली, जपून खाली उतरली, पदर खोचला आणि पाइप ओढत माझ्या खिडकीतल्या कूलरपाशी जाऊन टाकी भरू लागली. भरून झाल्यावर पुन्हा स्टूल, पुन्हा खटका.

बाबांना एकदा पाणी भरताना कूलरच्या शॉकनं भिंतीवर फेकलं होतं. ते वाचले, पुढं कित्येक वर्षं जगले. पण तेव्हापासून आईचा नियम, कूलरमध्ये पाणी भरायचं तर मेन बंद. मी मात्र आल्या आल्या कूलर चालू असतानाच पाइप सोडला होता. ते तिनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिला रोज ताजं दही लागायला लागलं.

तर घोळ असा होता. लाइट आली की सर्व्हर टुणकन उठायचा, आणि रस्ता देणारा जुना राउटर आपला सावकाश डोळे चोळत. सर्व्हरला रस्ता दिसायचा नाही, की तो रुसून आत बसायचा. मग रस्ता आला तरी मान वर करायचा नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

मला पाहून आई दचकली. ऑफिसची रोजची बोंब तिच्याही कानावर होती; माझा चेहरा बघून तिला काय ते कळलं असावं.

"काहून वं, माह्यामुळं बिघडून राहिलं का तुह्या मशीनचं? मग उद्यापासून नाही करत मी बंद. तशीच भरीन पाणी, सांभाळून."

तशीच. म्हणजे चालू कूलरपाशी ओल्या हातांनी, का तर माझी नोकरी टिकावी म्हणून.

"नाही आई, वीजवाल्यांचीच गडबड आहे ती," मी ठोकून दिलं. "तू मेन बंद करूनच भर. नाही तर मी भरते."

"तुले नाही भरू देत मी," ती म्हणाली. विषय संपला.

त्याच संध्याकाळी मी सर्व्हरला एक ओळ शिकवली: रस्ता दिसेपर्यंत थांब, मगच दुकान उघड. आणि माझा हात पुरत नाही असं सांगून मेन स्विच खाली बसवून घेतला.

ऑफिसची शेवटची तपासणी नेमकी दुपारी आली. थोड्याच वेळात साहेब जोडले जाणार होते, तोच आईनं भांडं पुढं केलं. तरी मी भांडं घेतलं आणि निघाले. दही मिळाल्यावरही डेअरीच्या सावलीत उगाच उभी राहिले, कारण टाकी भरायला वेळ लागतो.

परतून कॉल लावला तेव्हा खोली गार झाली होती आणि साहेब म्हणत होते, "सगळं सापडलं, चला सुरू करू."

रात्रीच्या जेवणावर मी आईला सांगितलं, की आता मी इथंच राहणार. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. म्हणाली, "तर मग उद्यापासून दही नको आणू वं. मले कुठं आवडते दही, ते तर तुह्या बाबाले लागे. मी पाणी भरत जाईन, तू ओसरीत मेनपाशी बसत जा."

मी हो म्हटलं, आणि मला रडू आलं.