शेजारच्या चुलीची ऊब

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज पेपरातल्या बातम्या लिहितो. आज घरची लिहितोय.

दापोडीच्या आमच्या चाळीत थंडी शहाबादी फरशीतून वर येते. जळण महाग, म्हणून नुसत्या उबेसाठी चूल आम्ही पेटवत नाही. पण शेजारच्या काकूंची चूल आमच्या मधल्या भिंतीला लागून आहे. पहाटे ती पेटली की भिंत आमच्या बाजूनंही तापते. तान्ह्या लेकीला गोधडीत गुंडाळून आम्ही तिथंच निजवतो. फुकटची ऊब म्हणून मी खूश असायचो.

आज भिंत गारच राहिली. "काकू उठल्या नाहीत वाटतं," बायको म्हणाली. तेवढ्यात पलीकडून काकूंच्या यजमानांचा, तात्यांचा, हंबरडा ऐकू आला. काकू झोपेतच गेल्या होत्या.

दुपारी आम्ही स्मशानातून परतल्यावर बायकोनं रीतीप्रमाणे तात्यांना पिठलं-भाकरी नेली. त्यांनी घासही घेतला नाही. म्हणाले, "माझी कारखान्यातली पाळी दुपारची, पोरी. एवढ्या पहाटं चूल कुणासाठी पेटायची? तुझ्या लेकीसाठी. भिंत गार पडली तर पोर कुडकुडंल, म्हणायची."



मी इकडं फळा लिहायला निघालो तेव्हा तात्या त्याच भिंतीला पाठ लावून बसले होते. सुतकात त्यांची चूल पेटायची नाही. आमची चूल आहे दुसऱ्या भिंतीला. मंडळी, तुम्हीच सांगा, ही भिंत आमच्या बाजूनं कशी तापवायची?