हरलेल्यांनी पुन्हा उभं राहू नये

माझी थोरली बहीण, आमची अक्का, आमच्या अपार्टमेंटच्या असोसिएशनच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी उभी राहिली आणि पडली. पडली याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण पडल्यानंतर लोक तिच्याशी ज्या तऱ्हेनं वागले, त्याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आणि त्या लोकांमध्ये सुरुवातीला मीही होते, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आम्ही दोघी बेंगळुरूतच जन्मलो, वाढलो. आमच्या किती पिढ्या इथं गेल्या ते घरात कुणालाच नक्की माहीत नाही. अक्का सरकारी हायस्कुलात गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं मारतहळ्ळीला माझ्याच संकुलात, बी ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. भावोजी गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते. मी डी ब्लॉकमध्ये.

तिच्याकडे स्वयंपाकाला एक बाई येतात. के. आर. पुरमच्या पलीकडून, दोन बस बदलून. पंचावन्न तरी वय असेल, आणि गुडघे पार गेलेले. आमच्या प्रत्येक ब्लॉकला दोन लिफ्ट आहेत. त्यातल्या चांगल्या लिफ्टपाशी पाटी लावलेली आहे, ‘घरकामाच्या लोकांनी सर्विस लिफ्टच वापरावी.’ एकदा ती सर्विस लिफ्ट बंद पडली आणि दोन आठवडे बंदच राहिली. पहिल्याच सकाळी त्या बाई चांगल्या लिफ्टमध्ये शिरल्या, तर वॉचमननं त्यांना बाहेर काढलं. तो तरी काय करणार, त्याला तसंच सांगितलेलं. बाई नऊ मजले चढून आल्या. अक्कानं दार उघडलं, तर त्या उंबऱ्यातच बसल्या. दोन पेले पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या, “अक्का, भाजी कुठली चिरू?”

अक्का तशीच, घरातल्या चपला घालून, अध्यक्षांकडे गेली. हे गृहस्थ एका मोठ्या कंपनीतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. त्यांनी तिला बसवलं, कॉफी दिली आणि हसत हसत म्हणाले, “मॅडम, नियम सगळ्यांनी मिळून केलाय. तुम्हाला बदलायचाय ना, मग निवडून या.”

त्यांनी ते थट्टेनं म्हटलं होतं. अक्कानं मात्र तसं घेतलं नाही.

अर्जावर सूचकाची सही लागते. अक्का त्यासाठी माझ्याकडे आली. मी सही दिली नाही. माझं सगळ्यांशी बरं आहे, उगाच कशाला वाकडेपणा, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं फक्त कन्नडमध्ये “सरी”, ठीक आहे, म्हटलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या डॉक्टरीणबाईंनी सही दिली. अक्का घरोघर फिरली, लिफ्टबद्दल बोलली, आणि चाळीसच्या वर मतांनी पडली.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या बोलण्यात एक वेगळीच मऊ माया आली. जिन्यात, बागेत, भाजीच्या गाडीपाशी जो तो तिला म्हणे, “आता विश्रांती घ्या हां, मॅडम.” आजारी माणसाशी बोलावं तसं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तिनं पाण्याच्या टाकीबद्दल साधा प्रश्न विचारला, तर एकानं लिहिलं, “निवडणूक संपली आता.” खाली हात जोडल्याच्या खुणा. म्हणजे जो पडला, त्यानं टाकीबद्दलही विचारू नये! मी ते वाचलं. मला चीड आली. पण ग्रुपवर मी काही लिहिलं नाही.

वर्ष सरत आलं आणि अक्का पुन्हा उभी राहणार अशी कुणकुण लागली. तेव्हा एका रविवारी सकाळी तिच्याकडे तिघंजण आले. योगायोगानं मी तिथं होते. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, “आम्ही तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. लोकांनी एकदा निकाल दिलाय. पुन्हा उभं राहिलात तर लोक म्हणतील, यांना खुर्चीची हाव आहे.”

अक्का म्हणाली, “मी हरले हे खरं. पण ती पाटी आहे ना अजून तिथंच?”

तिघांनी चहा संपवला, अक्काच्या तुळशीचं कौतुक केलं आणि गेले. आणि ते गेल्यावर मी काय म्हणाले? “अक्का, त्यांचं तितकंसं चुकत नाही. या वयात परत कशाला?” तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यापेक्षा तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

एकाचंच म्हणणं तिला खरोखर लागलं. तिच्याच ब्लॉकमधला एक इंजिनिअर, पहिल्यापासून तिच्या बाजूचा. तो म्हणाला, “मॅडम, मुद्दा बरोबर आहे, पण तो तुमच्या नावाला चिकटलाय. दुसरं कुणी उभं राहिलं तर कदाचित निवडून येईल.”

अक्का म्हणाली, “हे पटतंय मला. तू राहा उभा. तुझी पत्रकं मी वाटते.”

तो गडबडला. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीला, जाण्यायेण्यातच जीव जातो, मूल लहान आहे. सगळं खरंच होतं. तरीही अक्कानं आठवडाभर वाट पाहिली. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तळमजल्यावरच्या प्राध्यापकांना विचारलं, आणखी दोघातिघांना विचारलं. मलाही विचारलं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मुद्दा अगदी बरोबर आहे, पण मी नको. तेव्हा तिनं अर्ज आणला. तिनं न सांगताच मी पेन काढलं आणि सूचकाच्या जागी सही केली. ती म्हणाली, “विचार कर, डी ब्लॉकमध्ये तुला त्रास होईल.” मी म्हटलं, “होऊ दे.”

तो अर्ज द्यायच्या आधीच सर्वसाधारण सभेची नोटीस आली. त्यात शेवटचा ठराव असा होता: अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभूत झालेल्या सभासदाला पुढची तीन वर्षं त्या पदासाठी उभं राहता येणार नाही. कारण दिलं होतं, संकुलातलं वातावरण खेळीमेळीचं राहावं म्हणून.

गेल्या दहा वर्षांत अध्यक्षपदाला अनेकजण पडले होते. असा नियम कुणाला सुचला नव्हता. तो सुचला एका निवृत्त शिक्षिकेनं दुसऱ्यांदा उभं राहायचं म्हटल्यावर.

सभा क्लबहाउसमध्ये सकाळी अकराला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कर्कश माइक, मागे इडली-वडा मांडलेला. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि म्हणाले, “हे कुणा एका व्यक्तीविरुद्ध नाही. हरल्यावर माणसानं मोठ्या मनानं बाजूला व्हावं, एवढंच.” माना डोलल्या. अक्का दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती. ती उठणार नाही हे मला माहीत होतं. स्वतःसाठी भांडायला तिला कधी जमलंच नाही.

मी उभी राहिले. सभेत बोलायची माझी ती पहिलीच वेळ. माइक हातात घेतला आणि अध्यक्षांना विचारलं, “सर, मी या संकुलात पहिल्या वर्षापासून राहते. तुम्ही निवडून येण्याआधी किती वेळा पडलात?”

ते हसले. “तो काळ वेगळा होता, मॅडम.”

“किती वेळा, सर?”

“दोनदा.”

“लागोपाठ?”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

मी म्हटलं, “तुम्ही दुसऱ्यांदा पडलात तेव्हा आम्ही काय म्हणालो आठवतं का? माणूस चिकाटीचा आहे, म्हणालो. तिसऱ्या वेळी मी तुम्हाला मत दिलं ते त्यासाठीच. मग माझ्या बहिणीला एकदाच पडल्यावर घरी बसवायला ठराव कशाला लागतो? नको असेल तर मत देऊ नका, पुन्हा पाडा. तेवढा अधिकार आहेच तुमच्याकडे. पण उभंच राहू नको म्हणायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?”

माझा आवाज फाटला होता. मला वाटलं, आता सगळे हसतील. पण मागून त्या इंजिनिअरनं “बरोबर आहे” म्हटलं. मग डॉक्टरीणबाई उठल्या. मग ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं असे दोघंतिघं. अध्यक्षांनी ठराव “पुढच्या विचारासाठी” बाजूला ठेवला. तो मागे घेतो, असं त्यांनी अखेरपर्यंत म्हटलं नाही.

अक्का निवडणुकीला उभी राहिली. आणि पडली. या वेळी सहा मतांनी.

निकाल ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कानं हात जोडून अध्यक्षांचं अभिनंदन केलं आणि मला म्हणाली, “चल, भूक लागलीय.”

पाटी अजून आहे. पण बी ब्लॉकमधल्या पुष्कळ घरांनी आपल्या कामवाल्यांना चांगल्या लिफ्टनं न्यायला सुरुवात केली आहे. डॉक्टरीणबाई तर खाली जाऊन त्यांना सोबत घेऊन येतात. वॉचमन मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. कमिटीनं एकदा पत्र पाठवलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

परवा बागेत फेऱ्या मारताना, त्या रविवारी आलेल्या तिघांतल्या बाई मला भेटल्या. म्हणाल्या, “आता तरी तुमच्या अक्काला समजवा हो. दोनदा झालं. मान राहत नाही अशानं.”

मी त्यांना विचारलं, “पुढच्या वर्षी तुम्ही उभ्या राहता? लिफ्टचा मुद्दा घेऊन? अक्का घरोघर फिरेल तुमच्यासाठी, मीही फिरेन.”

“छे छे, मला कुठला वेळ!” त्या म्हणाल्या.

“मग तिला उभं राहू द्या,” मी म्हटलं, आणि माझा फेरा पुरा करायला निघाले.