रावसाहेबांची लाल चिठ्ठी

दिल्लीतल्या एका मंत्रालयात रावसाहेब वानखेडे आणि मी बारा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसत आलो आहोत. माणूस अकोल्याचा, राहायला लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि नियमाला इतका पक्का की कधीकधी मला त्यांचा संताप यायचा.

परदेशी बँकांचं शिष्टमंडळ यायचं असलं की एक टिपण लागायचं: जगाचा पैसा हाताळणारं केंद्र म्हणून भारताची बलस्थानं कोणती? ते रावसाहेबच लिहीत. आपलं घड्याळ सोयीचं, सिंगापूरची दुपार आणि लंडनची सकाळ आपल्या एकाच कामाच्या दिवसात बसते. इंग्रजी येतं. बाजारपेठ मोठी. गुजरातेत त्यासाठी नवं शहरच उभं राहतंय. आणि शेवटचं, त्यांचं लाडकं बलस्थान म्हणजे शिकलेली तरुण मुलं. ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकुलती एक लेक, श्रावस्ती असायची. ही टिपणं वाचत वाचतच ती फायनान्स शिकली आणि नोकरी धरली सिंगापूरच्या बँकेत. तुमचं पाचवं बलस्थान विमानात बसून गेलं की हो, असं मी एकदा चिडवलं. ते हसले, आणि पाचवा मुद्दा पुन्हा वाचू लागले.

त्यांचा एक नियम होता लाल चिठ्ठीचा. तातडीच्या फाइलवर ती लावतात. आमच्याकडे जो तो लावायचा, अगदी खुर्ची दुरुस्तीच्या फाइलवरसुद्धा. रावसाहेब कधी लावत नसत. लांडगा आला म्हणून रोज ओरडलं तर खऱ्या दिवशी कोण धावेल, असं त्यांचं म्हणणं. फायली कॉम्प्युटरवर गेल्या, चिठ्ठीची लाल खूण झाली, तरी त्यांचा हात आखडलेलाच.

गेल्या सप्टेंबरात त्यांच्या पत्नीला, प्रभावतीवहिनींना डेंग्यू झाला. सोमवारी दवाखान्यात ठेवलं. रावसाहेबांनी श्रावस्तीला मेसेज केला: "आईला जरा ताप आहे. सवडीने फोन कर."

मंगळवारी मी डबा घेऊन गेले. वहिनींनी दोनदा विचारलं, श्राऊचा फोन आला का? रावसाहेब म्हणाले, तिचा तिमाहीचा हिशेब चालू आहे, येईल. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, रावसाहेब? ये म्हणून लिहा ना तिला. सहा तासांचं तर विमान आहे."

"डॉक्टर अजून सीरियस म्हणाले नाहीत, सुनीतीताई. उगाच कशाला घाबरवायचं?"

फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं होतं. घेतला नाही. त्याची बोच मला आजही आहे.

बुधवारी मुलीचा मेसेज आला, वीकेंडला निवांत बोलते, आईला गोड पापी. त्यांनी तो वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, बरं. गुरुवारी सकाळी त्यांचा रक्तदाब एकदम उतरला. डॉक्टरांनी सीरियस हा शब्द उच्चारला आणि तासाभरात वहिनी गेल्या. रावसाहेबांनी सिंगापूरला फोन लावला तेव्हा सांगायला एवढंच उरलं होतं.

श्रावस्ती आली. वहिनींच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे गेल्यावर श्रावस्तीने सोमवारचा तो मेसेज उघडून फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, एक शब्द लिहायचा होता. अर्जंट. बस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलत होती, आणि रावसाहेब, ज्यांच्या मसुद्यात कधी एक शब्द चुकला नाही, ते आपलाच मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होते.

आठवड्याने ती परत गेली. रावसाहेब कामावर आले, कारण नवं टिपण मागवलं होतं. घड्याळ, भाषा, बाजारपेठ, शहर, सगळं जसंच्या तसं लिहिलं. पाचव्या मुद्द्यापाशी बराच वेळ थांबले. मग तोही लिहिला.

आता दिल्लीत धुकं आहे एवढं जरी त्यांनी कळवलं, तरी दोन मिनिटांत श्रावस्तीचा घाबराघुबरा फोन येतो, मीटिंग सोडून. शेजारच्या टेबलावरून मला ऐकू येतं. ते तिला समजावतात, काही नाही गं बेटा, तातडीचं काही नाही. आणि खरंच, त्यांच्या घरात आता तातडीचं काही उरलेलं नाही.